आखात परकं वाटत नाही, तिथेच गोची होते

दापोली, मंडणगड, खेड, गुहागर, राजापूर, पलीकडे म्हसळा-श्रीवर्धन. या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांना दुबई-मस्कत हे मुंबईइतकंच घरचं झालंय. त्यामुळे इथून आखातात निघालेला मुलगा घाबरत नाही. तिकडे हिंदी चालते, मासे मिळतात, दुबईच्या करामा भागात वडापाव मिळतो, शेजारच्या खाटेवर चिपळूणचाच कोणीतरी असतो. युरोपात जाणारा माणूस पहिल्या दिवसापासून सावध असतो, प्रत्येक पाटी वाचतो. आखातात जाणारा मुंबईला चालल्यासारखा जातो, आणि मुंबईत कोणी विचारणारही नाही अशा गोष्टींत अडकतो. अरबी भाषा, वाळवंट, उंच इमारती यांचा धक्का आठवड्याभरात ओसरतो. बारीकसारीक कटकटी मात्र वर्षानुवर्षं पुरतात. हे सगळं प्रामुख्याने यूएईबद्दल आहे. ओमान, कुवेत, सौदीत जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

सुरुवात बॅगेपासून. पहिली चूक घरच्या मसाल्यात असते. खसखस यूएई आणि सौदीत चालत नाही. तिकडे ती अमली पदार्थांच्या नियमात येते. आपल्याकडे ती वेगळी पुडी बांधून कोणी नेत नाही, हे खरं. पण मालवणी मसाल्यात बऱ्याच घरांत खसखस पडते, मोदकाच्या सारणात असते, अनारशांवर तर असतेच. म्हणून मसाला डंकावर न्यायच्या आधीच आईला सांगून परदेशी न्यायचा वाटा खसखशीशिवाय वेगळा करून घ्या. कुटून झाल्यावर काही करता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नेऊ नका. खोबऱ्यात तेल भरपूर, त्यामुळे विमानवाहतुकीच्या नियमांत ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं, आणि २०२२ पासून चेक-इन सामानातही त्याला मनाई आहे. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडायला लावतात आणि वाट्या तिथेच राहतात. ओला नारळ तिकडे केरळी दुकानात खवून मिळतो, त्याची चिंता नको. विड्याचं पान आणि पानमसाला घरीच ठेवा. पान खाऊन थुंकणं हा तिथे दंडाचा विषय आहे.

औषधांचं प्रकरण याहून गंभीर. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या काही गोळ्या यांवर तिकडे नियंत्रण आहे. अशा औषधांसाठी यूएई सरकारकडे निघण्यापूर्वी ऑनलाइन परवानगी मागावी लागते. साधी रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी असली तरी मूळ वेष्टनात न्या. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी असावी आणि तिच्यावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही हवं. "शेजारच्या काकांना द्यायच्यात" म्हणून कोणी गोळ्यांची पाकिटं दिली तर न्यायची नाहीत. नातं कितीही जवळचं असो, बॅग तुमच्या नावावर असते.

आता कागद. कोकणातल्या माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असू शकतं. देवनागरीत सावंत एकच. इंग्रजीत त्याची दोन स्पेलिंगं होतात. मुकादम, दळवी, खोत यांचीही तीच गत. भारतात हे खपून जातं, तिकडे संगणक अक्षर न् अक्षर जुळवतो. बायको-मुलांना न्यायची वेळ येते तेव्हा हे कळतं, आणि मग दुरुस्तीसाठी गावी यावं लागतं. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर ती आधी भरून घ्या. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाच्या प्रवाशाला नोव्हेंबर २०२२ पासून यूएई अडवते.

लग्नाचा दाखला आणि पदवी यांचं साक्षांकन हा साखळीचा खेळ आहे. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या दूतावासाचा, आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. मधली कडी गाळून पुढे जाता येत नाही. अपोस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा एकच शिक्का, भारत २००५ पासून त्या करारात आहे. ओमान, बहरीन आणि आता सौदीही त्यात आहेत, तिथे अपोस्टिल पुरतं. यूएईला ते चालत नाही, दूतावासाचाच शिक्का लागतो. एजंट "अपोस्टिल करून दिलं" म्हणून पैसे घेऊन मोकळा होतो आणि तुमचा कागद दुबईत निरुपयोगी ठरतो. ग्रामपंचायतीने हाताने लिहून दिलेला जुना मराठी दाखला असेल तर आधी इंग्रजी छापील प्रत मिळवा, साखळी त्यानंतर. आणि कुटुंबाला स्पॉन्सर करायला पगार किमान ४,००० दिरहम, किंवा कंपनी राहायला घर देत असेल तर ३,००० दिरहम लागतो, हे दाखले काढायला पळण्याआधी बघून घ्या.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते असा शेरा असतो. त्यांना कामासाठी आखातात जायला ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून ती घ्यावी लागते, आणि त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, वर कर. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख. "व्हिजिटवर चल, तिकडे गेल्यावर बघू" म्हणणारा एजंट हे सगळंच वगळतो. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहेच, शिवाय काही झालं तर हा विमाही नाही. नोंदणी असलेल्या एजंटने घ्यायची फी कमाल ३०,००० रुपये, अधिक जीएसटी. त्याच्यावर मागितलं की समजून जा. यूएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च मालकाचाच धरलेला आहे.

ऑफर लेटर हाती आलं की एकच आकडा आधी शोधा: बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार. एकूण पगार ३,००० दिरहम ऐकून पोरं खूश होतात. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी २१ दिवसांची आणि पुढे ३० दिवसांची. बेसिक १,२०० असेल तर दिवसाचे ४० दिरहम, म्हणजे वर्षाला ८४०, पाच वर्षांत ४,२००. त्याच ३,०००मध्ये बेसिक २,००० असेल तर पाच वर्षांत ७,०००. ओव्हरटाइमही बेसिकवरच. सही करण्यापूर्वी यावर बोलता येतं, नंतर नाही. तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदी किंवा उर्दूतही मिळतं. मागून घ्या, लाजू नका. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे, तरी "ऑफिसमध्ये सेफ राहील" असं गोड बोलून घेतात. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. त्या काळात तिथेच दुसरीकडे जायचं असेल तर एक महिन्याची नोटीस, देशच सोडायचा असेल तर १४ दिवसांची.

राहण्याबद्दल मुंबईतल्या गावकीच्या खोलीचा अनुभव असलेल्यांना वाटतं, आपल्याला काय नवीन? दुबईतलं देरा, सतवा, शारजातलं रोल्ला, कुठेही बेडस्पेस, म्हणजे भाड्याची एक खाट मिळते. एका फ्लॅटमध्ये प्लायवूड मारून केलेल्या खोल्या, दुमजली खाटा. पण अशी पार्टिशन बेकायदा आहेत. जून २०२५ मध्ये दुबई महापालिकेने रिग्गा, मुरक्कबात, सतवा, रफा, बरशा भागात त्यांच्यावर मोहीम काढली आणि माणसांना ऐनवेळी बाहेर पडावं लागलं. त्यामुळे बेड घेताना तीन गोष्टी विचारा. भाडेकरार, म्हणजे तिकडचं इजारी, कोणाच्या नावावर आहे? तुमचं नाव त्यात सहरहिवासी म्हणून चढणार का? डिपॉझिटची पावती मिळणार का? तिन्हींचं उत्तर "अरे भाई, टेन्शन मत लो" असेल तर टेन्शन घ्या.

कुटुंब आणणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसाचा हिशेब वेगळा. समजा वर्षाचं भाडं ६०,००० दिरहम, चार चेकमध्ये. पहिला चेक १५,०००. विनाफर्निचर घराला डिपॉझिट साधारण ५ टक्के म्हणजे ३,०००, एजंटचे तेवढेच. वीज-पाण्याचं डिपॉझिट फ्लॅटला २,०००. चावी हातात यायच्या आधी २३,००० गेले. शिवाय दुबईत भाड्याच्या ५ टक्के घरपट्टी वीजबिलातूनच वसूल होते, म्हणजे इथे महिना २५० आणखी. पहिलं बिल बघून "मीटर बिघडलाय" म्हणणारे हेच विसरलेले असतात. जाहिरातीत "चिलर फ्री" लिहिलंय की नाही हेही बघा. नसेल तर एसीच्या गारव्याचं बिल वेगळं येतं आणि उन्हाळ्यात ते विजेच्या बिलाला मागे टाकू शकतं.

पाण्याची गंमत मात्र कोणी आधी सांगत नाही. जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाला हात लावता येत नाही. उपाय उलटा आहे: गिझर बंद करून ठेवायचा आणि गरम पाण्याचा नळ वापरायचा. गिझरची टाकी घरात, एसीच्या सावलीत असते, तिच्यात पाणी निवतं. ती टाकी छोटी, त्यामुळे पहिल्या दोघांना थंड पाणी मिळतं, तिसऱ्याला चटके. म्हणून बादली रात्रीच भरून ठेवा. युरोपातल्या लोकांची संडासातल्या कागदाची रड इथे नाही, धुवायचा पाण्याचा जेट सगळीकडे असतो. पण ऑगस्टमध्ये दुपारी तो जेट उघडताना आधी बाजूला सोडून पाहावा, एवढंच सुचवतो.

"आम्हाला दमट हवेची सवय आहे" हा कोकणी अभिमानही पहिल्या ऑगस्टमध्ये संपतो. आपल्याकडे मे महिना तापला तरी संध्याकाळी वारा सुटतो आणि जूनमध्ये पाऊस येतो. तिकडे मे-जूनपासून चढलेलं ऊन सप्टेंबरपर्यंत उतरत नाही, किनाऱ्यावर रात्रीही चष्म्यावर वाफ धरते, आणि समुद्राचं पाणीच कोमट असतं. उघड्यावर काम करणाऱ्यांना यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ सक्तीची सुट्टी आहे. मालक देत नसेल तर तक्रार करता येते. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामाबरोबर मीठ जातं. कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, इथे खरंच कामाला येतं, कारण त्यात मीठ असतंच. एक पेला पाण्यात दोन चमचे. बाटली मात्र फुटणारी नको. दोन पिशव्यांत बांधून बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत ठेवा. आगळ कपड्यांवर सांडलं तर डाग जात नाही.

वास हा बेडस्पेसमधल्या भांडणांचा मोठा विषय. सुकट, सोडे, बोंबील तव्यावर पडले की सेंट्रल एसीच्या नळीतून वास चौथ्या खोलीत पोचतो आणि तिथला माणूस दार वाजवायला येतो. गावीच भाजून, लसूण-मिरची घालून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात चटणी नेली तर खमंगपणाही राहतो आणि शेजारही. गरम असताना झाकण लावलं तर आत पाणी सुटतं आणि पंधरा दिवसांत बुरशी येते.

ताज्या माशांची चंगळ आहे, फक्त नावं नवी शिकायची. बाजार मल्याळी माणसांच्या हातात असल्याने बांगडा म्हणजे आयला, तारली म्हणजे मत्ती. सुरमईला अरबीत कनाद म्हणतात, कुवेतमध्ये पापलेटला झुबैदी. हमूर म्हणजे आपल्या गोब्र्याच्या जातीतला, कालवणाला उत्तम. दुबईत देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये मासे विकत घ्यायचे एकीकडे आणि साफ करायला द्यायचे दुसरीकडे, त्याचे पैसे वेगळे. तिथे "करी कट" म्हटलं तर जाड तुकडे येतात. तळायच्या तुकड्या हव्या असतील तर बोटाने जाडी दाखवा. आपल्याकडे पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते. यूएई आणि ओमानमध्ये सुरमईची बंदी त्यानंतर, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर. या दिवसांत ताजी सुरमई म्हणून कोणी काही दिलं तर डोळे आणि कल्ले बघूनच घ्या.

फोनची कटकट रोजची. यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात आणि ती दोन्ही टोकांना हवीत. म्हणजे निघण्यापूर्वीच आजीच्या फोनमध्ये ते टाकून, तिला दोनदा उचलायला लावून जा. व्हीपीएनचा, म्हणजे फोनचा इंटरनेटवरचा पत्ता लपवणाऱ्या ॲपचा, सल्ला तिकडे जो तो देतो. पण बंद केलेल्या सेवेसाठी पत्ता लपवणं कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं, आणि व्हीपीएनच्या आड गुन्हा केला तर दंड ५ लाख ते २० लाख दिरहम आहे. वेळेचा हिशेबही ध्यानात ठेवा. यूएई आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत, कतार, सौदी, बहरीन अडीच तास. ड्युटीवरून येऊन जेवून रात्री साडेनऊला फोन लावला तर वाडीत अकरा वाजलेले असतात आणि पावसाळ्यात लाइट गेली असेल तर टॉवरही गेलेला असतो. सकाळी ड्युटीला निघताना बसमधून केलेला फोन जास्त लागतो.

भारतातलं सिम हे तर तुमचं नाक. बँक, आधार, पासपोर्टची अपॉइंटमेंट, सातबाऱ्यापासून सगळ्याला ओटीपी तिथेच येतो. निघण्यापूर्वी, भारतात असतानाच, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. तिकडे पोचल्यावर ते चालू करायलाही बहुतेक वेळा ओटीपीच लागतो. रोमिंगवर येणाऱ्या मेसेजला पैसे पडत नाहीत, मोबाइल डेटा मात्र बंदच ठेवा. रिचार्जची मुदत संपू देऊ नका, ते काम भावाकडे किंवा गावच्या दुकानदाराकडे सोपवा. नव्वद दिवस वापर नसलेला नंबर कंपनी काढून घेऊन दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग तुमचे ओटीपी त्याला. भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं भारतातल्या पैशांचं खातं, करून घेणं नियमाने आवश्यक आहे. तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं वेगळं उघडा, त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. यूएई, ओमान, कतार, सौदीच्या मोबाइल नंबरवर या खात्यांना यूपीआय जोडायची सोय २०२३ पासून आहे, बँक देते का ते विचारा. गावच्या पतसंस्थेत ही सोय नसते.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती तोंडामुळे आणि हातातल्या फोनमुळे. व्हॉट्सॲपवर रागाच्या भरात दिलेली शिवी यूएईत गुन्हा आहे, आणि तिचा स्क्रीनशॉट पुरावा. गावच्या ग्रुपवर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जे चालतं ते तिथल्या नंबरवरून चालवू नका. समोरच्याच्या परवानगीशिवाय फोटो काढणं, अपघाताचा व्हिडिओ फिरवणं हेही तसंच. दुसरी गोष्ट वर्गणी. देवळाचा जीर्णोद्धार, मशिदीचं छप्पर, पूरग्रस्तांना मदत, आजारी पोराचं ऑपरेशन, कारण कितीही चांगलं असो, परवाना असलेल्या संस्थेशिवाय यूएईत लोकांकडून पैसे गोळा करता येत नाहीत. २०२१च्या कायद्याने त्याला मोठा दंड आहे. पावतीपुस्तक तर नेऊच नका आणि ग्रुपवर "प्रत्येकी ५० दिरहम" असा मेसेजही टाकू नका. ज्याला द्यायचंय त्याने गावच्या संस्थेच्या खात्यात स्वतःच्या भारतीय खात्यातून थेट भरावं. तिसरी गोष्ट, स्वतःच्या नावावरचं सिम किंवा बँक खातं दोस्ताला वापरायला देणं. हुंडीचा, म्हणजे हवाल्याचा, पैसा त्यातून गेला तर पोलीस खातेदाराला शोधतात, दोस्ताला नाही.

रस्त्यावरच्या दंडांची यादी लांबलचक आहे. भलतीकडून रस्ता ओलांडला तर ४०० दिरहम, दुबई मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर १००, बाल्कनीत कपडे वाळत घातले तर महापालिकेची नोटीस. शेवटची गोष्ट आपल्या बायकांना अजिबात पटत नाही, इतकं ऊन असताना घरात घोडा उघडून कपडे वाळवायचे! पण बाहेरून दिसतील असे कपडे नकोत, हा नियम आहे.

सुट्टीचं गणित शेवटी गणपतीवर येऊन थांबतं. वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा मिळते, पण ती कधी द्यायची हे मालक ठरवू शकतो. त्यामुळे "गणपतीला जायचंय" हे जानेवारीतच लेखी द्या. यंदा, २०२६ मध्ये, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तिथल्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, म्हणून मुलं असलेल्यांची कुचंबणा होते. तळकोकणातल्यांनी मुंबईऐवजी गोव्यातला मोपा विमानतळ बघावा. सावंतवाडी, वेंगुर्ला तिथून जवळ, आणि महामार्गावर रात्र काढणं वाचतं. रत्नागिरीच्या उत्तरेला मात्र मुंबईच बरी, गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण मिळालं तर. ज्यांना जमत नाही ते तिथेच दीड दिवसाचा आणतात. मूर्ती शाडूची आणि बादलीत मावेल एवढी घ्या, कारण समुद्रावर विसर्जन करता येत नाही. आरती दार लावून आणि वेळेत.

महिनाभर घर बंद ठेवून येणार असाल तर एसी पूर्ण बंद करू नका, २६-२७ वर ठेवा, कपाटांची दारं उघडी ठेवा. दमट हवेत बंद घराला आपल्याकडच्या आषाढासारखीच बुरशी चढते, गादी आणि चामडी चपला आधी जातात. आणि आंबे, लग्न, घराचं छप्पर करत करत मुक्काम लांबला तर तारीख मोजत राहा. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर यूएईचा साधा रहिवासी व्हिसा रद्द होतो, आणि मग पुन्हा परवानगीसाठी कारणं, कागद आणि पैसे तिन्ही लागतात.